लपवलेल्या उत्पन्नाची किंमत आणि ते वेळेत उघड करण्याची रीत

एखाद्या वर्षाचे उत्पन्न दाखवायचे राहिले किंवा मुद्दाम दाखवले नाही, हे मनाला टोचू लागले की माणूस पहिल्यांदा विचारतो, "दंड किती बसेल?" या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. भारताच्या आयकर कायद्यात त्याच रकमेवर, त्याच वर्षासाठी, फार निरनिराळा बोजा पडू शकतो. आपण स्वतःहून पुढे आलात की नोटीस आल्यावर, चूक हिशेबाची होती की कागदच खोटे होते, आणि पैसा कुठून आला हे सांगता आले की नाही, यांवर तो ठरतो. यांपैकी पहिली गोष्ट अजून आपल्या हातात असेल, तर ती निसटू देऊ नये, एवढ्याचसाठी हा मजकूर लिहिला आहे.

कोणता कायदा लागू आहे, हे आधी स्पष्ट करतो. आयकर अधिनियम, २०२५ च्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्याआधीच्या वर्षांची आकारणी, व्याज आणि दंड १९६१ च्या अधिनियमानुसारच ठरतात. जुनी वर्षे निस्तरणाऱ्याचा संबंध १९६१ च्या कायद्याशी येत असल्यामुळे येथील कलमे आणि दर त्याच अधिनियमातले आहेत, आणि त्यांत २०२५ च्या वित्त अधिनियमापर्यंतच्या दुरुस्त्या धरल्या आहेत. दर आणि मुदती वित्त अधिनियमाने बदलत राहतात, म्हणून प्रत्यक्ष भरणा करण्याच्या दिवशी त्या वर्षाचा नियम पुन्हा एकदा तपासून घ्यावा.

आपली चूक कोणत्या प्रकारची आहे

कायद्याने दिलेल्या वजावटी घेऊन कर कमी करणे हा गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मॅकडॉवेल प्रकरणात हेच सांगितले: कायद्याच्या चौकटीतले करनियोजन वैध आहे, मात्र कर टाळण्यासाठी उभा केलेला दिखाऊ व्यवहार त्यात बसत नाही. भविष्य निर्वाह निधीत पैसे भरून वजावट घेणे हे नियोजन झाले. घर स्वतःच्या आईवडिलांचे असताना, भाड्याचा एक रुपयाही न देता, भाडेपावत्या तयार करून घरभाडे भत्त्याची सूट घेणे ही करचुकवेगिरी झाली. भाडे खरोखर बँकेतून दिले असते आणि आईवडिलांनी ते आपल्या विवरणपत्रात दाखवले असते, तर हाच व्यवहार वैध ठरला असता.

सर्वांत सौम्य प्रकार विवरणपत्र वेळेत न भरण्याचा. लेखापरीक्षणाची गरज नसलेल्या व्यक्तीसाठी नेहमीची मुदत ३१ जुलै असते आणि उशिराचे विवरणपत्र त्याच करनिर्धारण वर्षाच्या, म्हणजे उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतर येणाऱ्या वर्षाच्या, ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. कलम २३४एफ नुसार त्यासाठी ५,००० रुपये शुल्क पडते. एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये. ही रक्कम फार नाही, पण व्यवसायातला किंवा शेअरविक्रीतला तोटा पुढच्या वर्षांत ओढण्याचा हक्क उशिरामुळे जातो, आणि पुष्कळांना तो फटका शुल्कापेक्षा कितीतरी मोठा बसतो.

त्यानंतरचा प्रकार उत्पन्न कमी दाखवण्याचा. कलम २७०ए नुसार कमी दाखवलेल्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के दंड होतो. सर्व तथ्ये उघड केली असतील आणि दिलेले स्पष्टीकरण प्रामाणिक असेल, तर त्या रकमेवर दंड न लावण्याची मोकळीक याच कलमात आहे. पण हेच उत्पन्न चुकीची माहिती देऊन लपवले असेल, तर दंड कराच्या २०० टक्के होतो. चुकीच्या माहितीत काय काय येते, याची यादी कलमातच आहे: तथ्ये दडपणे, गुंतवणूक हिशेबाच्या वह्यांत न नोंदवणे, पुरावा देता येणार नाही असा खर्च दाखवणे, वह्यांत खोटी नोंद करणे, मिळालेली रक्कम वह्यांत न घेणे, आंतरराष्ट्रीय व्यवहार न कळवणे. मुदत ठेवीवरचे व्याज दाखवायचे राहणे आणि कधीच न दिलेली देणगी दाखवून वजावट घेणे, या दोन गोष्टी वरवर सारख्याच दिसल्या तरी पहिली ५० टक्क्यांच्या आणि दुसरी २०० टक्क्यांच्या बाजूला जाण्याची शक्यता मोठी असते.

शेवटचा प्रकार सर्वांत जड आहे. खात्यात आलेल्या पैशाचा, घेतलेल्या दागिन्यांचा किंवा केलेल्या खर्चाचा उगम सांगता आला नाही, तर कलम ६८ ते ६९डी खाली ती रक्कमच उत्पन्न धरली जाते आणि कलम ११५बीबीई नुसार तिच्यावर ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर लागतो. हे सगळे मिळून ७८ टक्के होतात. खर्चाची वजावट नाही, तोट्याची वळती नाही. ही रक्कम विवरणपत्रात दाखवून कर वेळेत भरलेला नसेल, तर कलम २७१एएसी नुसार त्या करावर आणखी १० टक्के दंड बसून बोजा ८४ टक्क्यांवर जातो. म्हणून उगमाचे पुरावे सांभाळणे हाच या प्रकारावरचा खरा बचाव आहे. आजीचे दागिने मोडून आलेले पैसे असोत किंवा शेतमालाच्या विक्रीचे, सराफाची पावती, बाजार समितीची हिशेबपट्टी, सातबारा उतारा यांपैकी काहीतरी हातात असायला हवे. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे म्हणून इतर पैसा त्या नावाखाली दाखवणाऱ्यांना पीक, क्षेत्र आणि विक्री यांचा मेळ घालून दाखवावा लागतो, आणि अर्ध्या एकरातून दाखवलेले लाखोंचे उत्पन्न तिथेच उघडे पडते.

विभागाला काय माहीत आहे, ते आधी पाहा

कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवरून त्या वर्षाचे वार्षिक माहिती विवरण, म्हणजे सगळे ज्याला एआयएस म्हणतात ते, आणि फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावे कापलेल्या व भरलेल्या कराचा तक्ता, उतरवून घ्यावा. बँका, निबंधक कार्यालये, म्युच्युअल फंड आणि कार्ड देणाऱ्या संस्था मोठ्या व्यवहारांची माहिती दरवर्षी विभागाला कळवतात. बचत खात्यात वर्षभरात एकूण १० लाख किंवा त्याहून अधिक रोख भरणा, ३० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री, क्रेडिट कार्डाच्या बिलापोटी वर्षात रोखीने १ लाख किंवा अन्य मार्गाने १० लाखांचा भरणा, हे त्यातले नेहमी आढळणारे व्यवहार. बँकेचे व्याज, लाभांश आणि शेअरविक्रीही तिथे दिसते.

एआयएसमधली प्रत्येक ओळ विवरणपत्राशी ताडून पाहावी. एखादी नोंद आपली नसेल, दुबार आली असेल किंवा रक्कम चुकली असेल, तर तिथेच अभिप्राय नोंदवण्याची सोय आहे आणि ती वापरावी. मात्र जे एआयएसमध्ये नाही ते दाखवायची गरज नाही, ही समजूत चुकीची आहे. रोखीने आलेले शिकवणीचे शुल्क किंवा भाडे तिथे दिसणार नाही, तरी ते करपात्रच असते. उलट भाडेकरूने स्वतःच्या घरभाडे भत्त्यासाठी आपला पॅन दिला असेल, तर ते भाडे दुसऱ्या वाटेने विभागापर्यंत पोहोचलेले असते.

बेरीज कशी होते

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. समजा, एका सल्लागाराने आर्थिक वर्ष २०२२-२३ मध्ये १० लाख रुपयांची फी विवरणपत्रात दाखवली नाही. त्याचे बाकीचे उत्पन्न आधीच ३० टक्क्यांच्या टप्प्यात होते आणि या रकमेवर ना टीडीएस झाला होता, ना आगाऊ कर भरला होता. कर ३,००,००० आणि ४ टक्के उपकर धरून ३,१२,००० रुपये झाला. आगाऊ कर न भरल्याबद्दलचे कलम २३४बी चे व्याज दरमहा १ टक्का असते आणि महिन्याचा एखादा दिवस लागला तरी तो पूर्ण महिना मोजतात. हप्त्यांच्या उशिराचे २३४सी चे व्याज सोपेपणासाठी बाजूला ठेवू.

त्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतःहून अद्ययावत विवरणपत्र (नेहमीची मुदत गेल्यावर अतिरिक्त कर देऊन भरायचे, याची माहिती पुढे आहे) भरले असते, तर एप्रिल २०२३ पासून २० महिन्यांचे व्याज ६२,४०० रुपये झाले असते. कर आणि व्याज मिळून ३,७४,४००. त्यावर २५ टक्के अतिरिक्त कर ९३,६००. एकूण ४,६८,००० रुपये. म्हणजे मूळ कराच्या दीडपट.

तेच उत्पन्न विभागाने शोधून काढले आणि आकारणीचा आदेश होईपर्यंत ३६ महिने गेले, तर व्याज १,१२,३२० रुपये होते. अधिकाऱ्याने ते केवळ कमी दाखवलेले उत्पन्न मानले, तर दंड १,५६,००० आणि एकूण ५,८०,३२० रुपये. पण बिल दिलेले असून जमा रक्कम वह्यांत घेतलीच नव्हती म्हणून २०० टक्के दंड लागला, तर दंडच ६,२४,००० रुपयांचा होतो आणि एकूण आकडा १०,४८,३२० वर जातो. लपवलेली सगळीच्या सगळी रक्कम देऊनही वर ४८,३२० रुपये पदरचे घालावे लागतात. त्यात अपिलाचा आणि सल्लागाराचा खर्च धरलेला नाही.

खोटी बिले घेणाऱ्यांची अवस्था याहून वाईट होते. माल न घेता १० लाखांचे खरेदी बिल वह्यांत घेतले, तर खर्च नामंजूर होऊन कर आणि २०० टक्के दंड लागतोच. शिवाय कलम २७१एएडी नुसार खोट्या नोंदीच्या रकमेएवढा, म्हणजे आणखी १० लाखांचा, दंड लावता येतो. त्याच बिलावर जीएसटीची जमा (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतली असेल तर ती परत करावी लागते, १८ टक्के व्याज आणि फसवणूक ठरल्यास कराइतकाच दंड वेगळा. जीएसटीची अशी रक्कम ५ कोटींच्या वर असेल तर पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असून तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. दोन टक्के कमिशनवर बिल मिळते असे सांगणारा माणूस यातले काहीच सांगत नाही.

रोखीच्या व्यवहारांना स्वतंत्र दंड आहेत, आणि ते व्यवहार करचुकवेगिरीसाठी नसले तरी लागू शकतात. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज, ठेव किंवा स्थावराच्या सौद्याचा विसार रोखीने घेतला, तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारापोटी २ लाख किंवा अधिक रोख घेतल्यासही तसेच.

स्वतःहून दुरुस्ती: अद्ययावत विवरणपत्र

करनिर्धारण वर्षाचा ३१ डिसेंबर अजून उलटला नसेल, तर सुधारित विवरणपत्र भरावे. त्याला अतिरिक्त कर नाही. तो दिवस गेल्यावर कलम १३९(८ए) चा मार्ग उरतो. २०२२ मध्ये ही सोय आली तेव्हा मुदत २४ महिन्यांची होती, २०२५ च्या वित्त अधिनियमाने ती ४८ महिने केली. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पहिल्या १२ महिन्यांत भरल्यास कर आणि व्याज यांच्या बेरजेवर २५ टक्के, २४ महिन्यांपर्यंत ५० टक्के, ३६ महिन्यांपर्यंत ६० टक्के आणि ४८ महिन्यांपर्यंत ७० टक्के अतिरिक्त कर द्यावा लागतो. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यातील उडी सर्वांत मोठी आहे, त्यामुळे पैशांची जुळवाजुळव करायची झाल्यास ती पहिले १२ महिने संपतात त्या ३१ मार्चच्या आधी करावी.

या विवरणपत्राने परतावा मागता किंवा वाढवता येत नाही, कर कमी करता येत नाही, आणि एका वर्षासाठी ते एकदाच भरता येते. म्हणून घाईने अर्धे उत्पन्न दाखवून मोकळे होऊ नये. बाकीचे अर्धे दाखवायला दुसरी संधी मिळत नाही. त्या वर्षाची आकारणी किंवा फेरआकारणी चालू असेल किंवा पूर्ण झाली असेल, किंवा विभागाने झडती किंवा सर्वेक्षण केले असेल, तर हा मार्ग बंद होतो. ३६ महिने उलटल्यानंतर कलम १४८ए ची, म्हणजे जुने वर्ष पुन्हा उघडण्यापूर्वीची, कारणे दाखवा नोटीस आलेली असली तरीही तो बंद होतो.

काम या क्रमाने करावे. त्या वर्षाची सर्व बँक खात्यांची विवरणे, एआयएस, २६एएस आणि मूळ विवरणपत्र समोर ठेवून राहिलेल्या उत्पन्नाची यादी करावी आणि प्रत्येक रकमेपुढे तिचा पुरावा लिहावा. त्यातून कर, व्याज आणि अतिरिक्त कर काढून चलनाने आधी भरावा, कारण भरणा केल्याशिवाय हे विवरणपत्र स्वीकारले जात नाही. उत्पन्न बरोबर दाखवले नव्हते, विवरणपत्रच भरले नव्हते, उत्पन्नाचा शीर्ष चुकीचा निवडला होता, यांपैकी खरे कारण निवडावे. मग विवरणपत्र सादर करून ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी पूर्ण करावी. पडताळणी राहिली तर सगळा खटाटोप वाया जातो.

जास्तीचा परतावा मिळवून देतो असे सांगणाऱ्या मध्यस्थामार्फत खोट्या वजावटी घेतलेल्या नोकरदारांना हा मार्ग विशेष उपयोगाचा आहे. जुलै २०२५ मध्ये अशा खोट्या वजावटींच्या मागावर विभागाने १५० ठिकाणी तपासणी केली, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने तेव्हा सांगितले की त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी विवरणपत्रे अद्ययावत करून खोट्या मागण्या मागे घेतल्या. मध्यस्थाने परताव्याचा हिस्सा घेतलेला असला तरी पडताळणी आपल्या नावाची असते, आणि "फॉर्म त्याने भरला, मला काही माहीत नाही" हे सांगून दंड टळत नाही. पोर्टलचा पासवर्ड, नोंदवलेला मोबाइल आणि ई-मेल मध्यस्थाचा असेल तर तो आजच बदलून घ्यावा, नाहीतर नोटीस त्याच्याकडे जाते आणि मुदत आपली संपते.

नोटीस आल्यानंतर

प्रथम ती खरी आहे का, हे पाहावे. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि पोर्टलवर लॉग-इन न करताही तो तपासता येतो. ई-मेलमधल्या दुव्यावर पैसे भरू नयेत.

नोटीस खरी असेल तर तिचे कलम आणि उत्तराची तारीख लिहून ठेवावी. कलम १४८ए ची नोटीस असेल, तर विभागाकडे काय माहिती आहे हे त्यातच दिलेले असते. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमानुसार जुने वर्ष उघडण्याची मुदत साधारणपणे करनिर्धारण वर्ष संपल्यापासून तीन वर्षे तीन महिने आहे. दडलेले उत्पन्न ५० लाख किंवा अधिक असल्याची माहिती असेल तर पाच वर्षे तीन महिने. झडती झालेल्या प्रकरणांचे नियम वेगळे आहेत. मुदत उलटली आहे असे वाटले तरी नोटिशीकडे दुर्लक्ष न करता तोच मुद्दा लेखी उत्तरात मांडावा. उत्तरच दिले नाही तर अधिकारी उपलब्ध माहितीवरून एकतर्फी आकारणी करतो, आणि तेव्हा खात्यातला प्रत्येक रोख भरणा उगम नसलेला ठरण्याचा धोका असतो.

उत्तरात जे खरे आहे ते मान्य करावे आणि जे मान्य नाही ते पुराव्यासह लिहावे. मागील तारखेचे करारनामे, नातेवाइकांकडून घेतलेली बक्षीसपत्रे, नंतर छापलेल्या पावत्या असले काहीही जोडू नये. माझ्या मते या टप्प्यावर लोक करतात ती सर्वांत महागडी चूक हीच आहे, कारण ५० टक्के दंडाचे प्रकरण अशा एका कागदाने २०० टक्क्यांचे होते आणि खोटे निवेदन केल्याबद्दल कलम २७७ चा वेगळा गुन्हाही उभा राहतो. नातेवाइकाने रक्कम दिल्याचे सांगितले, तर त्याची आर्थिक क्षमताही तपासली जाते आणि त्यालाही आपल्याबरोबर गुंतवले जाते.

आकारणीचा आदेश आल्यावर कलम २७०एए कडे जरूर पाहावे. कर आणि व्याज मागणी नोटिशीच्या मुदतीत भरले, अपील केले नाही आणि आदेश मिळालेल्या महिन्याच्या अखेरीपासून एका महिन्यात अर्ज केला, तर २७०ए चा दंड आणि २७६सी व २७६सीसी खालचा खटला या दोहोंपासून मुक्तता मिळते. चुकीची माहिती दिल्याच्या प्रकारांना मात्र ही सवलत नाही. पुष्कळ जण रागाच्या भरात आधी अपील करतात आणि मग या सवलतीसाठी येतात. तेव्हा दार बंद झालेले असते.

खटला आणि तुरुंग

जाणूनबुजून कर चुकवण्याचा प्रयत्न हा कलम २७६सी(१) खालचा गुन्हा आहे. चुकवू पाहिलेला कर २५ लाखांच्या वर असेल तर सहा महिने ते सात वर्षे सक्तमजुरी आणि दंड. त्याहून कमी असेल तर तीन महिने ते दोन वर्षे. जाणूनबुजून विवरणपत्र न भरणाऱ्याला २७६सीसी खाली याच मर्यादेनुसार शिक्षा आहे. मात्र करनिर्धारण वर्ष संपण्यापूर्वी विवरणपत्र भरले, किंवा टीडीएस आणि आगाऊ कर वजा जाता देय कर १०,००० रुपयांच्या वर नसेल, तर व्यक्तीवर खटला होत नाही. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला टीडीएस सरकारजमा न करणाऱ्या मालकाला तीन महिने ते सात वर्षे शिक्षा होऊ शकते. अडचणीत असलेल्या छोट्या व्यावसायिकाने हे कायम ध्यानात ठेवावे, कारण तो पैसा त्याचा नसतोच. कंपनीच्या बाबतीत व्यवहाराची जबाबदारी असलेल्या संचालकांवरही कारवाई होते, आणि खोटे हिशेब करायला मदत करणारा सल्लागारही सुटत नाही.

नेहमीच्या फौजदारी खटल्यापेक्षा येथे एक मोठा फरक आहे. कलम २७८ई नुसार दोषी हेतू होता असे न्यायालय गृहीत धरते आणि तो नव्हता हे आरोपीला वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते. आकारणी प्रलंबित असली तरी विवरणपत्र न भरल्याचा खटला चालू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. दुसऱ्या बाजूने, दंडच अपिलात गुणवत्तेवर रद्द झाला तर त्याच कारणावरचा खटला टिकत नाही, हे २००४ च्या निकालाने स्पष्ट आहे. त्यामुळे दंडाचे अपील नेटाने लढवणे हे खटल्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार २५ लाखांपर्यंतच्या प्रकरणांत खटल्यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मंडळाची पूर्वमंजुरी लागते. कर, व्याज आणि ठरलेले शुल्क भरून खटला मिटवण्याची, म्हणजे कंपाउंडिंगची, सोयही आहे. त्याची सध्याची मार्गदर्शक तत्त्वे ऑक्टोबर २०२४ ची आहेत.

परदेशात खाते, शेअर किंवा मालमत्ता असलेल्या निवासी व्यक्तीला २०१५ चा काळा पैसा कायदा लागू होतो. तिथे ३० टक्के कर आणि त्याच्या तिप्पट दंड, म्हणजे मालमत्तेच्या मूल्याच्या १२० टक्के, आणि तीन ते दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परदेशी कंपनीने नोकरीत दिलेले शेअरही विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागतात.

वसुली, आणि कायद्याबाहेरचे नुकसान

मागणी नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला ३० दिवस असतात. त्यानंतर दरमहा १ टक्का व्याज सुरू होते. पहिल्या अपिलासाठीही ३० दिवसच आहेत, आणि अपील चालू असताना वसुली थांबवायची तर साधारणपणे मागणीच्या २० टक्के रक्कम भरावी लागते. काहीच केले नाही तर विभाग बँकेला, भाडेकरूला किंवा आपल्या ग्राहकाला पत्र देऊन आपले येणे परस्पर वसूल करू शकतो, मालमत्ता जप्त करून विकू शकतो. घाईने पत्नीच्या किंवा मुलाच्या नावावर केलेले हस्तांतरण कलम २८१ मुळे विभागाच्या दृष्टीने निरर्थक ठरू शकते.

उत्पन्न कमी दाखवण्याचे काही तोटे कोणत्याही नोटिशीशिवाय होतात. गृहकर्ज विवरणपत्रातल्या आकड्यावर मिळते. कमावत्या माणसाचा अपघाती मृत्यू झाला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण नुकसानभरपाई काढताना त्याची विवरणपत्रे पाहते, आणि वर्षानुवर्षे निम्मे दाखवलेले उत्पन्न तेव्हा विधवा पत्नीच्या वाट्याला निम्मी भरपाई म्हणून येते. घराच्या सौद्यातही असेच घडते. ८० लाखांचे घर ६० लाखांच्या दस्ताने घेऊन २० लाख रोख दिले, आणि पुढे ते १ कोटीला पूर्ण चेकने विकले, तर नफा २० लाखांऐवजी ४० लाख दिसतो, आणि विक्रेत्याने वाचवलेला कर खरेदीदार भरतो. शिवाय दस्तातली किंमत रेडी रेकनरच्या मूल्यापेक्षा ठरावीक मर्यादेबाहेर कमी असेल, तर तो फरक दोघांच्याही हिशेबात करपात्र होतो.

घरातील कर्ता गेल्यानंतर

मृत व्यक्तीने चुकवलेला कर तिच्याबरोबर संपत नाही. कलम १५९ नुसार कायदेशीर वारसांवर आकारणी आणि वसुली होते, मात्र वारशाने आलेल्या मालमत्तेच्या मूल्यापर्यंतच. तुरुंगवासाची शिक्षा वारसांकडे येत नाही. वारसाने पोर्टलवर कायदेशीर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करून राहिलेली विवरणपत्रे भरावीत, जुन्या नोटिशी पाहाव्यात आणि पॅन घाईने रद्द करू नये. कर बाकी असताना वारशातील मालमत्ता विकून किंवा गहाण टाकून टाकली, तर त्या मालमत्तेच्या किमतीपुरती जबाबदारी वारसावर वैयक्तिकरीत्या येते. म्हणून वाटणीचा दस्त करण्यापूर्वी शेवटच्या काही वर्षांचे एआयएस आणि थकीत मागण्या तपासून तेवढी रक्कम सर्व भावंडांच्या संमतीने वेगळ्या खात्यात ठेवावी, आणि पोर्टलवर थकबाकी शून्य दिसल्यावरच ती वाटून घ्यावी.